अगस्ती कॉलेजात गेलात, पण अगस्ती पाहिलात का?

अकोल्यात एसटीतून उतरलात की अगस्ती तुमचा पिच्छा सोडत नाही. कॉलेज अगस्ती, साखर कारखाना अगस्ती, प्रवरेकाठचा आश्रम अगस्ती ऋषींचा, आणि बाजारपेठेतून चालत निघालात तर दुकानांच्या पाट्यांवरही तेच नाव. आता एक साधा प्रश्न. याच नावाचा एक तारा रोज रात्री आपल्या डोक्यावरून, म्हणजे खरं तर आपल्या दक्षिणेच्या डोंगरांवरून जातो. तो तुम्ही कधी पाहिलाय?

हा प्रश्न मी गेल्या पंधरा दिवसांत बऱ्याच जणांना विचारला. उत्तर जवळपास सारखंच आलं. आधी एक हसू, मग 'असा तारा पण आहे का?' लाजू नका. मी मास कॉमची, दहावीनंतर फिजिक्सला रामराम केलेली. मलाही ही गोष्ट कुठल्या वर्गात कुणी शिकवली नव्हती.

तर, अगस्ती. रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या ताऱ्यांमध्ये तेजस्वीपणात दुसरा नंबर. पहिला व्याध. पण व्याध आपल्यापासून जेमतेम साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे शेजारी राहतो म्हणून चमकतो. अगस्ती आहे सुमारे 310 प्रकाशवर्षांवर, आणि एवढ्या लांबून दुसरा नंबर काढतो. सूर्याच्या काही हजार पट प्रकाश फेकणारा हा राक्षसी तारा आहे. आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला तेव्हा साताऱ्यात शाहू महाराज गादीवर होते आणि बाळाजी विश्वनाथ पेशवे होते. त्यानंतर पानिपत झालं, इंग्रज आले, गेले, आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, आणि तो प्रकाश अजून प्रवासातच होता.

अगस्तीचा उपयोगही केलाय लोकांनी. 1964 साली मंगळाकडे निघालेल्या मरिनर-4 या यानाला अवकाशात आपली दिशा कशी ठरवायची हा प्रश्न होता. एक खूण सूर्याची, दुसरी कशाची? तर अगस्तीची. यानावरचा एक छोटा सेन्सर हा तारा पकडून ठेवायचा. मंगळाचे जवळून घेतलेले पहिले फोटो पृथ्वीवर आले, त्यात आपल्या अगस्तीचा असा हात आहे.

विंध्य ओलांडून दक्षिणेला

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. वाढत सुटलेल्या विंध्य पर्वताला अगस्ती ऋषींनी सांगितलं, मी परत येईपर्यंत वाकून राहा. आणि ते दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत. आता ही गोष्ट बाजूला ठेवून नुसता तारा बघा. दिल्लीहून अगस्ती दक्षिण क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त नऊ अंशांपर्यंत येतो. म्हणजे इमारतींच्या आणि धुरक्याच्या मागेच. अकोल्याहून तो अठरा अंशांपर्यंत चढतो, कन्याकुमारीहून एकोणतीस. लंडनहून तर तो कधीच उगवत नाही. जसजसे दक्षिणेला जाल तसतसा तो वर येतो. पृथ्वी गोल असल्याचा इतका घरगुती पुरावा दुसरा नसेल. तुमचा कुणी मित्र दिल्लीत यूपीएससी करत असेल तर त्याला फोन लावा, एकाच रात्री दोघांनी उंची मोजा.

मोजायची कशी? हात ताठ समोर धरा आणि मूठ वळा. मुठीची रुंदी म्हणजे साधारण दहा अंश. झालं तुमचं उपकरण.

येत्या 15 फेब्रुवारीला, रविवारी, महाशिवरात्र आहे. अगस्ती आश्रमात यात्रा भरेल. अमावास्येच्या तोंडावरची रात्र, चंद्र पहाटेशिवाय उगवणार नाही. आणि योगायोग बघा, त्याच रात्री सव्वानऊच्या सुमारास अगस्ती बरोबर दक्षिणेला, आपल्या सगळ्यात उंच जागी असतो. दरवर्षी महाशिवरात्रीला थोडंफार असंच असतं, वेळ फक्त तारखेप्रमाणे तासभर पुढेमागे होते. ऋषींच्या यात्रेला हजारो माणसं जमतात आणि तारा बिचारा पाळण्यांच्या दिव्यांमागे एकटाच उभा असतो.

शोधायचा असा. दक्षिणेकडे तोंड करा आणि मान वर. एका रांगेत, अगदी सरळ, जवळजवळ तीन तारे दिसतील. तो मृगाच्या पोटातला बाण. बाणाची रेघ डावीकडे खाली वाढवा, तुम्ही थेट व्याधावर पोहोचाल. निळसर पांढरा, हिऱ्यासारखा लुकलुकणारा. आता व्याधापासून सरळ खाली, क्षितिजाच्या दिशेने, साडेतीन मुठी मोजा. तिथे एक एकटा, ठळक तारा असेल. आजूबाजूला त्याच्या तोडीचं कुणी नाही. हाच.

हे नगरच्या सावेडीतल्या गच्चीवरूनही जमेल, कारण अगस्ती दिव्यांना दाद देत नाही. दक्षिणेला उंच बिल्डिंग नको, एवढंच. आणि तिथे उभे आहातच तर डोक्याजवळ एक प्रचंड तेजस्वी ठिपका दिसेल, तो गुरू. सध्या मिथुन राशीत आहे. कुणाकडे साधा बायनॉक्युलर असेल आणि हात न हलवता धरता आला, तर गुरूच्या बाजूला एका रेषेत बारीक टिंबं दिसतील. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिले तेच.

आपल्याला सगळं येतं, फक्त बघता येत नाही

मला यातली सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट सांगू? आपल्याला नक्षत्रं माहीत नाहीत असं अजिबात नाही. घरात जन्मपत्रिका आहे, त्यात नक्षत्र लिहिलेलं आहे. 'माझं रोहिणी' असं आपण सहज सांगतो. पण रोहिणी नावाचा तांबूस तारा मृगाच्या पश्चिमेला, फेब्रुवारीत संध्याकाळी छान वर असतो, हे किती रोहिणीवाल्यांनी पाहिलंय? तो पासष्ट प्रकाशवर्षांवर आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या सुमाराला निघालेला प्रकाश आत्ता पोहोचतोय.

लग्नात भटजी अरुंधती दाखवतात. बऱ्याचदा भर दुपारी, मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या छताकडे बोट करून. नवरा-नवरी मान हलवतात, फोटोग्राफर 'अजून एकदा' म्हणतो. दिसली का? दिसली.

शेतकऱ्याच्या घरात तर नक्षत्रांशिवाय पानच हलत नाही. मृगाचा पाऊस, आर्द्रा, पुनर्वसू, हस्त. यंदा मृगाचं वाहन बेडूक की म्हैस यावर पारावर चर्चा. पण 7-8 जूनला 'मृग लागतो' म्हणजे नेमकं काय होतं? सूर्य मृग नक्षत्राच्या जागी येतो. म्हणजे पावसाचं मृग सुरू होतं तेव्हा आकाशातलं मृग दिसूच शकत नाही, ते दिवसा सूर्याबरोबर उगवून मावळतं. ही गोष्ट कळली तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसले. किती वर्षं आपण हा शब्द वापरतोय!

त्यामुळे खगोलशास्त्राची आवड 'रुजवायची' वगैरे भाषा मला पटत नाही. रुजलेलं आहेच. शब्द आहेत, गोष्टी आहेत, पंचांग आहे. तुटलाय तो धागा डोळ्यांपर्यंतचा.

नगर शहरातल्यांसाठी एक गोष्ट. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरूंना पकडून आपल्या भुईकोट किल्ल्यात आणलं. तिथे त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे आपल्याला गाइडमधून पाठ आहे. पण ते पुस्तक सुरू कशाने होतं? चंद्राने. ते किल्ल्यात आले तेव्हा संध्याकाळच्या आकाशात अमावास्येनंतरची कोर होती, आणि मग प्रत्येक नवी कोर म्हणजे तुरुंगवासाचा आणखी एक महिना. किल्ल्याच्या भिंतींच्या आत चंद्र हेच कॅलेंडर झालं. हे तुम्हाला तुरुंगात न जाताही करता येईल. शुद्ध पक्षात रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून चंद्र कुठे आहे ते बघा आणि वहीत टिंब काढा. रोज तो साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि साधारण एक नक्षत्र पुढे सरकलेला असतो. पंधरा दिवसांत पंचांग कसं बनतं ते कुणी न शिकवता कळेल. खर्च शून्य.

अंधार विकणारा तालुका

आता परत अकोल्याकडे, कारण खरी गंमत आणि खरी काळजी तिथेच आहे.

मे संपता संपता भंडारदरा परिसरात काजवे बघायला पुण्या-मुंबईहून गाड्यांच्या रांगा लागतात. लोक पैसे खर्चून येतात ते कशासाठी? अंधारासाठी. अंधार नसेल तर काजवा दिसत नाही, आणि काजव्याला जोडीदारही सापडत नाही, कारण त्यांचं सगळं बोलणं उजेडाच्या उघडझापेने चालतं. म्हणून तर गाड्यांवर आणि हेडलाइटवर निर्बंध घालायची वेळ येते. अंधारालाही किंमत असते हे आपल्या जिल्ह्यात काजव्यांनी सिद्ध केलंय. पण काजवा महोत्सव संपतो, पाऊस येतो, आणि नोव्हेंबर ते एप्रिल जेव्हा आकाश स्वच्छ असतं तेव्हा त्याच धरणाकाठी, त्याच तंबूंवर एलईडीच्या माळा लागतात. डीजे, बार्बेक्यू, 'स्टारगेझिंग कॅम्प' असा बोर्ड, आणि त्या बोर्डवर फोकस लाइट.

हसू येतं, पण आकडे हसण्यासारखे नाहीत. 'सायन्स' या जर्नलमध्ये जानेवारी 2023 मध्ये एक अभ्यास आला. 2011 ते 2022 या काळात जगभरच्या साध्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी तारे बघून केलेल्या पन्नास हजारांहून जास्त नोंदी त्यात तपासल्या होत्या. निष्कर्ष असा, की रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळतंय. म्हणजे जिथे मूल जन्माला येताना अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतात. बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत, हे खरं. पण अठरा वर्षं हा आकडा वाचताना मला आपलीच आठवण झाली. तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या गल्लीत रस्त्यावर कोणता दिवा होता आणि आज कोणता आहे, ते घरी विचारून बघा.

दिवे नकोत असं कुणी म्हणत नाहीये. रात्री क्लासवरून परत येणाऱ्या मुलीला अंधाऱ्या रस्त्यावरून जा असं मी तरी म्हणणार नाही. मुद्दा एवढाच, की दिव्याचा उजेड रस्त्यावर पडायला हवा, ढगांवर नाही. वरून टोपी, तोंड खाली, गरजेपुरता आणि पिवळसर. वीजही वाचते. हे होऊ शकतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले गेले. कळसूबाई आपल्याकडे, हरिश्चंद्रगड आपल्याकडे, रतनगड आपल्याकडे. मग असं काही इथे का नको, हा प्रश्न एखाद्या ग्रामसभेत तुम्ही विचारू शकता. अठरा वर्षांचे झालात ना?

दुर्बीण शेजारी, पण ओळख नाही

संगमनेरहून पुणे हायवेला लागा. तास-दीड तासात नारायणगाव, तिथून आत खोडद. तिथे जीएमआरटी आहे, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी हे स्वप्न पाहिलं आणि उभं केलं. ही दुर्बीण आकाशातले रेडिओ सिग्नल पकडते, आणि ते इतके क्षीण असतात की आसपासची विजेची, मोबाइलची गडबड त्यांना सहज गिळून टाकते.

इथूनच एक वाद आपल्या जिल्ह्यात आला, तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाव, संगमनेरकडून जाणारा मार्ग जीएमआरटीमुळे शक्य नाही असं रेल्वेने सांगितलं आणि शिर्डीकडून वळवलेला मार्ग पुढे आला. संगमनेर, अकोल्यात त्यावरून आंदोलनं झाली. रेल्वे कुठून जावी यावर मी इथे निकाल देणार नाही. तज्ज्ञांनी आणि तुमच्या लोकप्रतिनिधींनी त्यावर भांडावं. मला खटकलं ते वेगळंच. त्या काळात संगमनेरच्या चहाच्या टेबलांवर बसलात तर दुर्बिणीची ओळख 'आपली रेल्वे अडवणारी' एवढीच ऐकू यायची. ती नेमकं करते काय, हे सांगणारा टेबलावर कुणी नसायचा. शेजारच्या तालुक्यातली जगप्रसिद्ध गोष्ट आपल्याला फक्त अडथळा म्हणून माहीत व्हावी, हे कुणाच्याच फायद्याचं नाही. ना रेल्वेच्या, ना विज्ञानाच्या.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, जीएमआरटीत सामान्य लोकांसाठी प्रदर्शन असतं. यंदा शनिवार आहे. जाण्याआधी वेळा तपासून घ्या, डबा बरोबर घ्या, आणि तिथल्या संशोधकांना रेल्वेचा प्रश्नसुद्धा बिनधास्त विचारा. डॉ. जयंत नारळीकरांबद्दल सांगतात, की सही मागणाऱ्या मुलांना ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्नाला कमी लेखायचं नाही, ही आपल्याकडची पद्धत आहे.

गेट साडेसातला बंद

एक गोष्ट मुलींसाठी, आणि मुलांनीही वाचावी अशी. मी जिथे राहून शिकले तिथल्या हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद व्हायचं आणि गच्चीला कायम कुलूप. आकाश सुरू होतं साडेसातला. म्हणजे तीन वर्षं माझं आकाश खिडकीच्या गजांएवढं होतं. मुलं अमावास्येला हरिश्चंद्रगडावर जाऊन यायची, स्टेटस टाकायची, आम्ही हार्ट द्यायचो. 'मुलींना अॅस्ट्रॉनॉमीत इंटरेस्ट कमी' असं कुणी म्हणालं तर आधी गच्चीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.

यावर एक सरळ उपाय मला दिसतो, आणि त्याला वेगळं बजेट लागत नाही. एनएसएसचं निवासी शिबिर. सात दिवस, बहुतेक हिवाळ्यात, एखाद्या खेड्यात, मुलं-मुली दोघंही, सर-मॅडम बरोबर, घरची परवानगी आधीच घेतलेली. संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रमाला हॅलोजन लावतात, तो एक रात्र बंद करायचा. सगळ्यांचे मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका स्क्रीनने ती मोडते, म्हणून टॉर्चला लाल कागद लावायचा. फिजिक्स डिपार्टमेंटच्या कपाटात दुर्बीण असेल तर आणायची, नसेल तर अडत नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हेच काम करतेय, मुंबईत खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत सुरू झालं. दोन्ही ठिकाणी सुरुवात हौशी माणसांनीच केली.

आणि शिबिर अकोले तालुक्यात असेल तर एक काम आवर्जून करा. गावातल्या आज्या-आजोबांना अंगणात बसवा आणि विचारा, ह्याला तुम्ही काय म्हणता? टीआयएफआरचे खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि गणेश हळकारे यांनी विदर्भातल्या गोंड पाड्यांवर जाऊन हेच केलं. तिथे सप्तर्षी हे ऋषी नाहीत. ती एक खाट आहे, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर. त्या गप्पांमधून शोधनिबंध झाले. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमध्ये अशी किती नावं असतील, आणि ती सांगणारी माणसं किती वर्षं असणार? मराठी, इतिहास, मास कॉम, कुठल्याही शाखेच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून हे चालेल. रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. जामखेडच्या मुलांना तर वेगळाच विषय आहे. जगाच्या उल्कापाषाणांच्या यादीत 1866 साली आपल्या जिल्ह्यात पडलेला एक दगड 'जामखेर' या नावाने नोंदलेला आहे. तिथे कुणाच्या पणजोबांनी सांगितलेली काही आठवण शिल्लक आहे का, ते शोधा.

15 फेब्रुवारीला ढग आले किंवा पेपर आले, तर घाबरू नका. अगस्ती एप्रिलअखेरपर्यंत संध्याकाळी सापडतो, फक्त दर आठवड्याला अर्ध्या तासाने लवकर आणि हळूहळू नैर्ऋत्येकडे कललेला. मेच्या मध्याला तो सूर्याच्या उजेडात बुडतो. ऑगस्टमध्ये पहाटे आग्नेयेला परत उगवतो, पावसाने तेवढी फट दिली तर. आश्रमापासून बघणार असाल तर यात्रेच्या दिव्यांपासून जरा लांब, प्रवरेच्या काठाने थोडं चालत जा. दक्षिण कुठे ते आधी उजेडात बघून ठेवा. बरोबर दोघं-तिघं असू द्या, आणि स्वेटर घ्या. नदीकाठी नऊनंतर थंडी लई वाजते.